वाईनची चव शिकवणारे शहर

बेंगळुरूत वाईन पिण्याची सवय रुजण्याआधी ती कशी चाखावी हे शिकवण्याची प्रथा रुजली. युरोपात हा क्रम उलटा होता. तिथे वाईन शतकानुशतके जेवणाच्या टेबलावर होती आणि तिच्या चवीचे पद्धतशीर शिक्षण हौशी माणसापर्यंत पोचले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बेंगळुरूत उत्पादकांनी आणि हॉटेलांनी आधी धडे दिले आणि त्या धड्यांतून गिऱ्हाईक घडवले. शनिवार-रविवारी भरणारे नवशिक्यांचे वाईन-वर्ग, ज्यांना सिनेमा आणि बाहेरचे जेवण यांना पर्याय म्हणून जोडपी जातात, ते या व्यापारी गरजेतून आलेले आहेत. त्यांच्यामागे छावणीचा, एका अमेरिकी वंशाच्या द्राक्षाचा, जाहिरातबंदीचा आणि दोन शेजारी राज्यांच्या करांचा इतिहास आहे.

शहरात वाईन प्रथम आली ती लष्कराबरोबर. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांची फौज काही वर्षे तिथेच राहिली. पण कावेरीकाठची ती हवा तापाची होती, म्हणून १८०९ मध्ये फौज बेंगळुरूला हलवण्यात आली. केंपेगौडाने वसवलेली आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत गेलेली जुनी पेठ एका बाजूला राहिली, आणि तिच्या ईशान्येला छावणीचे वेगळे गाव उभे राहिले. दोन्हीकडच्या पिण्याच्या सवयीही वेगळ्या होत्या. पेठेत ताडी आणि अर्राक, तर छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मद्रास बंदरातून येणारा माल. त्यात मदेरा, शेरी, पोर्ट यांसारख्या, मद्यार्क घालून कडक केलेल्या वाईनना मान होता, कारण जहाजातला उकाडा आणि त्यापुढचा बैलगाडीचा प्रवास त्यांनाच सोसत असे. १८६४ मध्ये मद्रासहून छावणीपर्यंत रेल्वे आली आणि हा पुरवठा सोपा झाला. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या बंगलोर क्लबच्या वहीत विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर १३ रुपयांची बाकी बुडीत म्हणून मांडलेली आहे. चर्चिल १८९६ पासून चौथ्या हुसार पलटणीबरोबर या छावणीत होते. ही नोंद शहरात सर्वांना ठाऊक असते. क्लबच्या बैठकांत काय पीत असत याची चर्चा मात्र फारशी होत नाही. सामान्य शिपाई पीत असे ती बीअर. तिच्यासाठी निलगिरीत आणि बेंगळुरूत भट्ट्या निघाल्या. टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने १९१५ मध्ये अशा पाच भट्ट्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. विठ्ठल मल्ल्या १९४७ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष. पुढे बेंगळुरू हे मद्यव्यवसायाचे मुख्यालय बनले, पण बीअर आणि व्हिस्कीचे. वाईन त्या हिशेबात नव्हतीच.

शहराच्या भोवती द्राक्षे मात्र होती. बेंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या पट्ट्यात गेली दीडएक शतके ‘बंगलोर ब्लू’ नावाचे द्राक्ष पिकते. २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे द्राक्ष युरोपी वाईनच्या ‘व्हिटिस विनिफेरा’ जातीचे नाही. ते अमेरिकी ‘व्हिटिस लाब्रुस्का’च्या कुळातले असून ‘इझाबेला’ या जुन्या वाणाशी त्याचे नाते सांगितले जाते. साल जाड, बिया मोठ्या, गर सालीपासून सुटून येणारा, रंग जांभळा-काळा. रोगाला ते चिवट असते आणि वर्षातून दोनदा पीक देते, म्हणून शेतकऱ्याचे लाडके. त्याच्या वासाला कारण होतो मेथिल अँथ्रॅनिलेट हा पदार्थ. द्राक्षाच्या गोळ्यांना आणि सरबतांना कारखान्यात जो ‘द्राक्षाचा’ वास दिला जातो तो हाच. रसासाठी तो उत्तम. कोरड्या वाईनमध्ये मात्र तो जाणकारांच्या नाकाला खुपतो. फ्रान्सने तर १९३०च्या दशकात इझाबेलासारख्या अमेरिकी वंशाच्या वाणांच्या वाईनवर कायद्याने बंदीच घातली. त्यामुळे बंगलोर ब्लूची वाईन झाली ती गोड, बहुधा मद्यार्क घालून कडक केलेली, गोव्याच्या पोर्टच्या जवळची. नाताळात केकबरोबर घ्यायची, बाळंतिणीला चमचाभर द्यायची, थंडीत औषध म्हणून कपाटात ठेवायची अशी तिची जागा. या वाईनला आस्वादाच्या वर्गाची गरज नव्हती, कारण ती गोड आहे हे सांगायला कोणी लागत नाही.

ही स्थिती बदलली ती कंवल ग्रोव्हर यांच्यामुळे. ग्रोव्हर यंत्रसामग्रीच्या व्यापारानिमित्त वारंवार फ्रान्सला जात आणि तिथे त्यांना वाईनची गोडी लागली. भारतात विनिफेरा द्राक्षांपासून फ्रेंच धर्तीची वाईन होऊ शकेल का, हा प्रश्न त्यांनी जॉर्ज व्हेसेल यांच्यापुढे ठेवला. व्हेसेल हे शँपेन प्रांतातल्या बूझी गावचे, मुम या मोठ्या पेढीशी संबंधित तज्ज्ञ. दोघांनी देशातल्या अनेक जागा पाहिल्या, सुमारे पस्तीस वाण लावून पाहिले आणि त्यांतले नऊ निवडले. जागा ठरली ती नंदी टेकड्यांच्या पायथ्याची, दोड्डबळ्ळापूरजवळची. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हिनयार्ड्‌सची स्थापना झाली, आरंभी चाळीस एकरांवर, आणि १९९२ मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. १९९५ पासून बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्लागार झाले.

या जागेची निवड डोळसपणे झाली होती. तेरा अंश उत्तर अक्षांशावर वाईनची द्राक्षे लावणे युरोपी पुस्तकांच्या दृष्टीने वेडेपणाच, कारण तिथे वेलीला हिवाळ्यात झोप लागते आणि इथे ती लागतच नाही. वेल सदाहरित राहते, आणि तिला शिस्त लावावी लागते ती कात्रीने. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. एप्रिलच्या आसपासची खरड छाटणी काडी तयार करते, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळ आणते. खाण्याच्या द्राक्षांसाठी दख्खनमध्ये घडवलेले हेच तंत्र नंदीच्या वाईन-द्राक्षांना लागू पडले. पावसाळ्यानंतर छाटले की घड कोरड्या, थंड रात्रींच्या महिन्यांत वाढतो आणि तोडणी उन्हाळा पेटण्याआधी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे रात्री गार पडतात आणि द्राक्षातले आम्ल टिकते. आम्ल टिकले नाही तर वाईन सपाट आणि जड लागते. वर्गात पहिल्या अर्ध्या तासात शिकवली जाते ती नेमकी हीच गोष्ट, आणि ती शेतात छाटणीच्या तारखेवर ठरलेली असते.

याच सुमारास महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांची शँपेन इंडाज उभी राहिली. तिची फेसाळ वाईन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली जाई. चौगुल्यांचा डोळा निर्यातीवर होता, ग्रोव्हरांचा फ्रेंच जाणकारांच्या पसंतीवर. देशातल्या माणसाला कोरडी वाईन आवडेल असे दोघांनाही आरंभी फारसे वाटत नसावे. ग्रोव्हरांची कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराझ यांची मिश्र वाईन ‘ला रिझर्व्ह’ हिला २००५ मध्ये ‘डिकँटर’ या इंग्रजी मासिकात स्टीव्हन स्परिअर यांची शाबासकी मिळाली, तेव्हा बेंगळुरूच्या वृत्तपत्रांना आपल्या दाराशी काय पिकते आहे याची दखल घ्यावी लागली.

स्परिअर हे नाव या इतिहासात योगायोगाने येत नाही. हौशी माणसासाठी वाईनचा वर्ग ही कल्पना पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याआधी चाखणे हे व्यापाऱ्याचे काम होते. पिंपातली कच्ची वाईन तळघरातल्या मेणबत्तीच्या उजेडात पाहता यावी म्हणून उथळ चांदीची वाटी वापरणारे दलाल, बोर्दोचे आडते, लंडनचे घाऊक विक्रेते हेच चाखणारे. इंग्लंडमध्ये १९६६ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाचा वाईन विभाग मायकेल ब्रॉडबेंट यांनी पुन्हा सुरू केला, आणि १९६८ मध्ये त्यांनी चाखण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. १९६९ मध्ये लंडनला वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट स्थापन झाला, तोही मुळात दुकानदार आणि नोकरवर्गासाठी. स्परिअर यांचे पॅरिसमध्ये मॅडलेनजवळ वाईनचे दुकान होते. १९७३ मध्ये दुकानाला लागूनच त्यांनी ‘अकादेमी द्यू व्हँ’ सुरू केली आणि पॅरिसमध्ये नोकरीला आलेल्या इंग्रज-अमेरिकी लोकांना संध्याकाळी सहा-सात ग्लासांपुढे बसवले. फ्रेंच माणसाला असे काही शिकावे लागते ही कल्पनाच तेव्हा फ्रेंचांना हास्यास्पद वाटे. २४ मे १९७६ रोजी त्यांनी फ्रेंच परीक्षकांना लेबले झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन चाखायला दिल्या. पांढऱ्या आणि लाल दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. नाव झाकले की चव वेगळी लागते हा धडा तेव्हापासून प्रत्येक वर्गाच्या पाठ्यक्रमात आहे. पुढे १९७७ मध्ये चाखण्याच्या ग्लासाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल यांनी वासांचे चक्र आखले. ‘छान’, ‘वाईट’, ‘कडक’ या शब्दांऐवजी फळ, फूल, माती, मसाला अशी नावे देण्याची सवय त्या चक्राने लावली.

बेंगळुरूला व्यावसायिक चाखणे पूर्वीपासून ठाऊक होते, पण कॉफीचे. १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉफी बोर्डाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि तिथल्या प्रयोगशाळेत कोडगू-चिक्कमगळूरच्या कॉफीचे नमुने चमच्याने सुरकन ओढून, जिभेवर फिरवून, थुंकून तपासले जातात. बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ हा प्रशिक्षणवर्ग सामान्य माणसालाही खुला आहे. एखादे पेय लहान घोटांत, नोंदवही समोर ठेवून, गटाने तपासायचे आणि गिळायचे नाही, ही रीत या शहरात वाईनने प्रथम आणलेली नाही.

वाईनला हवी होती ती बसायची जागा, आणि ती पबने तयार केली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात चर्च स्ट्रीट, ब्रिगेड रोड आणि रेसिडेन्सी रोडच्या परिसरात नळाची बीअर देणारे पब निघाले. रेस्ट हाऊस रोडवरचा १९८९ चा पेकोस त्यांतला आजही टिकून असलेला एक. मुंबई-पुण्यात त्या काळी पिण्याची जागा म्हणजे बहुधा अंधारी परमिट रूम. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची सावली तिच्या नावातच उरलेली. बेंगळुरूचा पब रस्त्यावरून दिसत असे, दुपारी उघडा असे, आणि तिथे मुली बसत. शहरात येणारा वर्गही बदलत होता. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये इथे आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सने आपले केंद्र उघडले. पुढच्या दोन दशकांत हजारो तरुण पंचविशीतच बऱ्यापैकी पगार, कामानिमित्त परदेशवारी आणि घरापासून दूर असे दोन खोल्यांचे स्वातंत्र्य एकदम अनुभवू लागले. त्यांतले पुष्कळ महाराष्ट्रातून आलेले होते. सॅन होजेला किंवा लंडनला सहा महिने काढून आलेल्या माणसाने वाईन पाहिलेली असे, पण घरात ती कोणी प्यायलेली नसे. उत्पादकांना हवे असलेले गिऱ्हाईक हेच होते.

त्याच्यापर्यंत पोचायचे कसे, ही अडचण होती. २००० मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मद्याच्या जाहिरातींना बंदी आली. बीअर आणि व्हिस्कीच्या मोठ्या कंपन्यांनी सोडा, पाणी, कॅलेंडर, क्रिकेट असे आडमार्ग काढले. पन्नास एकरांच्या बागेला ते परवडणारे नव्हते. शिवाय कोरडी लाल वाईन पहिल्या घोटाला तुरट लागते. जाहिरातीने बाटली विकली गेली तरी दुसरी विकली जाण्याची खात्री नाही. म्हणून ग्लास हातात देऊन, शेजारी उभे राहून, तुरटपणा दोष का नाही हे सांगणे हाच मार्ग उरला. हॉटेलांतली रात्रीची भोजने, दुकानातली चाखणी, बागेची सहल या सगळ्यांचा उगम इथे आहे. ग्रोव्हरांनी नंदीची बाग पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. वेलींमधून फेरी, मग टाक्या आणि ओकची पिंपे, मग पाच-सहा ग्लास आणि जेवण. राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्‌सने नाशिकला २००५ मध्ये आस्वादकक्ष उघडला आणि तिथल्या गर्दीने हे सिद्ध केले की लोक चव शिकायला पैसे द्यायला तयार आहेत. आधी जो खर्च होता तो उत्पन्नाचा भाग झाला.

सरकारी धोरणाने या व्यवहाराला आकार दिला. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाईनवरचे उत्पादन शुल्क माफ केले, नाशिकला विंचूर आणि सांगलीला पलूस इथे वाईन पार्क काढले. कर्नाटकाचे धोरण आले २००७ मध्ये, त्याबरोबर कर्नाटक वाईन बोर्ड. योगायोग असा की त्याच वर्षी १ जुलैपासून राज्यात अर्राकवर बंदी आली. गरिबाचे पेय बंद करून मध्यमवर्गाच्या पेयाला मोकळीक देण्याचे हे वर्ष होते, आणि दोन्ही निर्णय शेतकरी आणि कुटुंब यांच्याच हिताच्या नावाने घेतले गेले. धोरणाने नंदी खोरे आणि उत्तरेला विजयपूर-बागलकोट-बेळगावकडचे कृष्णा खोरे अशा पट्ट्यांना उत्तेजन दिले, फक्त वाईन विकणाऱ्या दुकानांना आणि वाईन टॅव्हर्नला वेगळे परवाने दिले, आणि बोर्डाने शहरात वाईन महोत्सव भरवायला सुरुवात केली. लालबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनाला जावे तसे कुटुंबच्या कुटुंब या महोत्सवांना जाऊ लागले.

मद्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय, त्यामुळे शेजारच्या राज्याची वाईन परदेशीच समजून तिच्यावर जादा कर लावण्याची सवय दोन्हीकडे लागली. पुढच्या अनेक घडामोडींना हे एक कारण पुरते. बेंगळुरूच्या मल्ल्यांच्या कंपनीने आपली ‘फोर सीझन्स’ वाईनरी काढली ती पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या रोटी गावी. नंदीचे ग्रोव्हर २०१२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्हॅले द व्हँशी एकत्र येऊन ग्रोव्हर झाम्पा झाले. नाशिकच्या सुलाने २०१७ मध्ये बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणजवळची हेरिटेज वाईनरी घेतली. वर्गातल्या टेबलावर नाशिकची शेनँ ब्लाँ आणि नंदीची शिराझ शेजारी बसल्या त्या आवडीनिवडीपेक्षा कराच्या हिशेबाने अधिक. २००१ पासून आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली तरी सीमाशुल्क १५० टक्क्यांच्या घरात राहिले, म्हणून शिकवायला स्वस्तात मिळणारी वाईन देशीच होती. एरवी पाठ्यपुस्तके बोर्दो आणि बर्गंडीपासून सुरू होतात. बेंगळुरूचा नवशिक्या दोड्डबळ्ळापूरपासून सुरू करतो.

वर्गाची रचना साधारण सगळीकडे एकच असते, आणि ती बाटलीच्या मापावर ठरते. बाटली ७५० मिलिलिटरची, चाखण्याचा ओतावा ५० मिलिलिटरचा, म्हणजे एका बाटलीत पंधरा जण होतात. म्हणून वर्ग बारा ते पंधरा जणांचा, सहा-सात जोडप्यांचा. पाच वाईन म्हणजे प्रत्येकी २५० मिलिलिटर, हॉटेलातल्या पावणेदोन ग्लासांएवढी, दीड-दोन तासांत. शुद्धीत राहून आणि थोडे मोकळे होऊन बोलता यावे इतकीच. जागा परवान्याची असावी लागते. सीएल-७ किंवा सीएल-९ परवान्याचे हॉटेल-रेस्टॉरंट, नाहीतर एका दिवसासाठी सीएल-५ परवाना काढलेला एखादा हॉल. परवान्याशिवाय घरच्या गच्चीवर पैसे घेऊन असा वर्ग भरवता येत नाही.

ओतण्याचा क्रम फेसाळ, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. हलक्याकडून जडाकडे गेले नाही तर आधीच्या वाईनची चव पुढच्यावर बसते. ग्लास दांड्याला धरायचा, कारण तळहाताच्या उबेने वाईन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग पाहायचा. लाल वाईन वयाबरोबर विटकरी होत जाते, पांढरी पिवळसर. मग ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवायचा, आणि हवे तर थुंकायचे. थुंकण्याच्या भांड्याला नवशिक्या लाजतात आणि जोडीदारासमोर तर कोणी थुंकत नाही. बहुतेक भांडी वर्ग संपेपर्यंत कोरडी राहतात, किंवा नावडलेली वाईन ओतून टाकायला वापरली जातात.

खरी गंमत वासांच्या नावांची आहे. नोबलबाईंच्या चक्रावर ब्लॅककरंट, रासबेरी अशी फळे असतात, आणि बेंगळुरूत वाढलेल्या माणसाने ती फळे मुरंब्याच्या बाटलीवरच्या चित्रातच पाहिलेली असतात. चांगला शिकवणारा चक्र बाजूला ठेवतो. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये ढोबळी मिरची आणि कच्चा पेरू, व्हिओन्येमध्ये चाफ्याजवळचे काहीतरी, शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी. ढोबळी मिरचीचा वास कल्पनेतला नव्हे. पायराझीन गटाची तीच रसायने मिरचीत आणि या द्राक्षात असतात. शिराझमधल्या मिरीच्या वासाचे कारण, रोटंडोन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढले, आणि काळ्या मिरीतही तेच निघाले. टॅनिनचा तुरटपणा समजावायला तर इथे काहीच कष्ट पडत नाहीत. युरोपी भाषांत तुरटपणाला चवींच्या यादीत सहसा जागा नाही. आपल्या षड्‌रसांत ती आहे, आणि सुपारी, कच्चे केळे, जांभळाची साल खाल्लेल्या जिभेला ती ओळखीची असते. तुरट वाईनबरोबर चरबीचा घास घेतला की तुरटपणा मावळतो, हे दाखवायला चीज येते. पूर्वी ते आयातीचे किंवा डब्यातले असे. आता बेंगळुरूतल्याच बेनेडिक्टिन पंथीयांचे वॅलोम्ब्रोसा चीज मिळते. तिखटाबरोबर लाल वाईन अधिक जाळते, हा धडा मात्र आंध्र पद्धतीच्या चिकनबरोबर कोणीतरी स्वतःहून घेतोच.

जोडप्यांनी अशा वर्गाला जाण्याचा पायंडा पडला तो या शतकाच्या पहिल्या दशकानंतर, आणि त्याला शहराचे वातावरण कारणीभूत आहे. २४ जानेवारी २००९ रोजी मंगळुरूच्या एका पबमध्ये श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना मारहाण केली. व्हॅलेंटाइन दिनाला जोडप्यांना धमक्या दिल्या गेल्या, आणि त्याला उत्तर म्हणून ‘पिंक चड्डी’ नावाची निषेधमोहीम निघाली. रात्रीच्या वेळेचे बंधनही होते. बार साडेअकराला बंद व्हायचे, आणि शुक्रवार-शनिवारी एक वाजेपर्यंतची सवलत मिळाली ती २०१४ मध्ये. अशा काळात उजेडात, टेबलाभोवती बसून, शिक्षक समोर असताना संध्याकाळी सहाला सुरू होऊन आठ-साडेआठला संपणारा कार्यक्रम मुलीला आणि तिच्या घरच्यांनाही सांगायला सोपा होता. ‘पबला चाललो’ आणि ‘क्लासला चाललो’ यांत फरक आहे, आणि तो जाहिरातीत कोणी लिहीत नसले तरी तिकिटे त्यावर खपतात. दुसरे कारण अधिक साधे आहे. नव्याने भेटणाऱ्या दोघांना बोलायला विषय लागतो. इथे दर वीस मिनिटांनी समोर नवा ग्लास येतो, दोघांनाही सारखेच कमी कळते, आणि एकाला जांभूळ लागले तिथे दुसऱ्याला चिंच लागली तर कोणीच चुकत नाही. लग्न ठरवून झालेल्या, पण एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या जोडप्यांनाही हे सोयीचे पडते.

शिकवणाऱ्यांचाही आता एक वर्ग तयार झाला आहे. लंडनच्या वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे पायरीपायरीचे अभ्यासक्रम भारतात चालू झाले, आणि मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाईन’ ही कठीण पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतात राहणाऱ्या व्यक्ती ठरल्या. हॉटेल व्यवस्थापन शिकलेले, परदेशी जहाजांवर काम करून आलेले तरुण पहिल्या-दुसऱ्या पायरीची परीक्षा देऊन बेंगळुरूत वर्ग घेतात. २०११ पासून शहरात लहान बीअरभट्ट्या सुरू झाल्या, त्यांनी गिऱ्हाईक ओढून नेले तशी आस्वादाची पद्धतही उचलली. चार लहान ग्लासांची फळी बीअरसाठीही मांडली जाऊ लागली.

बागांच्या बाजूने चित्र तितके सुरळीत नाही. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि नंदीच्या वाटेवरच्या जमिनीचे भाव द्राक्षाच्या आवाक्याबाहेर गेले. कृष्णा खोऱ्यात आणि हंपीजवळ, जिथे चिगुरुपती दांपत्याची कृष्मा ही बाग आहे, जमीन स्वस्त आहे, पण बेंगळुरूच्या जोडप्याला दुपारी जाऊन रात्री परतता येत नाही. त्यामुळे बागेतली सहल नंदी आणि चन्नपट्टण या दोन दिशांनाच होते, आणि बाकीचा व्यवहार इंदिरानगर, कोरमंगला, लॅव्हेल रोडच्या टेबलांवर. बंगलोर ब्लूची गोड वाईन वाण्याच्या शेजारच्या दुकानातून पूर्वीसारखीच खपते, पण वर्गात ती क्वचितच ओतली जाते.

टेबलावरच्या बाटल्याही बदलू लागल्या आहेत. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. बाटलीमागे किमान ५ अमेरिकी डॉलर आयात किमतीच्या वाईनवरचे शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आले, १५ डॉलरच्या वरच्या वाईनवरचे ७५ टक्क्यांवर, आणि पुढच्या दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. बरोसा खोऱ्याची शिराझ त्यामुळे नंदीच्या शिराझशेजारी ठेवणे वर्गाच्या खर्चात बसू लागले. एकच द्राक्ष, दोन देश, लेबले कागदात गुंडाळलेली: हा खेळ बेंगळुरूत आता वर्गाच्या शेवटच्या वीस मिनिटांत खेळला जातो.